पन्नास वर्षं गप्प राहिलेल्या मार्त कोन: खरं काय, आणि ताडून कसं पाहायचं?

प्रश्न असा आला आहे: ‘मार्था कोन या फ्रेंच ज्यू बाईंबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत शिरून त्यांनी फ्रेंच सैन्यासाठी हेरगिरी केली, पुढे अमेरिकन डॉक्टरशी लग्न करून अमेरिकेत गेल्या आणि नवऱ्या-मुलांनाही पन्नास वर्षं काही सांगितलं नाही, असं म्हणतात. हे कितपत खरं मानायचं? मला त्यांच्यावर लेख लिहायचा आहे. सुरुवात कुठून करू?’

खरं आहे. निदान त्यातला कणा तरी नक्की खरा आहे. पण तुम्ही वाचलंत ते बहुधा ‘नाझींना चकवणारी साडेचार फुटी वाघीण’ या छापाचं असणार, आणि त्यात निम्म्या गोष्टी निसटतात. निसटलेल्याच जास्त मोलाच्या आहेत असं मला वाटतं, म्हणून जरा लांबण लावते. (उंची साडेचार नाही, पाच फुटांना जेमतेम इंचभर कमी होती.)

माझा धंदा फ्रेंच कागदपत्रांच्या भाषांतराचा. जन्मदाखले, विवाहाचे दाखले, कुटुंबाची नोंदपुस्तिका, लष्करी पेन्शनचे कागद. पाँडिचेरीच्या कुटुंबांचे, फ्रान्समध्ये लग्न करून गेलेल्या मुलींचे, शिकायला जाणाऱ्या पोरांचे. वीसेक वर्षं हेच करत आले. त्यामुळे एखाद्या माणसाची गोष्ट ऐकली की माझं डोकं आधी ‘याचा कागद कुठे असेल?’ असं विचारतं. सवय वाईट आहे, पण तुमच्या प्रश्नाला उपयोगी आहे.

आधी नाव. फ्रेंचमध्ये ते ‘मार्त’. मार्था हे इंग्रजी वळण. आणि त्यांच्या गावाला आपण नकाशात वाचून मेत्झ म्हणतो, गावचे लोक ‘मेस’ म्हणतात. लेखात हे दोन उच्चार नीट लिहिलेत तरी जाणकार वाचक तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

आता हे मेस कुठे आहे ते पाहू, कारण सगळी गोष्ट तिथूनच निघते. लोरेनमधलं, जर्मन सीमेजवळचं गाव. १८७१च्या युद्धात फ्रान्स हरला आणि अल्सास व लोरेनचा मोठा तुकडा जर्मनीकडे गेला. सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात फ्रेंचच्या शेवटच्या तासाची गोष्ट होती, आठवत असेल. उद्यापासून शाळेत जर्मन, म्हणून म्हातारे गुरुजी फळ्यावर शेवटचं वाक्य लिहितात. तोच हा मुलूख. १९१८ला तो परत फ्रान्सकडे आला आणि त्यानंतर दीड वर्षाने, १३ एप्रिल १९२०ला, मार्त होफनुंगचा जन्म झाला. शाळा फ्रेंच, रस्ता फ्रेंच, आणि घरात आईवडील जर्मन बोलत. कर्मठ ज्यू कुटुंब, भावंडं बरीच, आजोबा रब्बी. घरातल्या या जर्मनला बाहेर फारशी किंमत नव्हती, उलट ती थोडी अवघडच जागा होती. पंचवीस वर्षांनी हीच भाषा त्यांचं शस्त्र झाली. (होफनुंग म्हणजे जर्मनमध्ये ‘आशा’. हात जोडून सांगते, लेखाचं शीर्षक त्यावर करू नका. सगळ्यांनी करून झालंय.)

१९३९ला युद्ध लागताना हे कुटुंब मेस सोडून प्वातिएला आलं. पश्चिमेकडचं हे गाव का, तर सीमेवरच्या मोझेल जिल्ह्यातल्या लोकांना हलवायला सरकारने जे जिल्हे नेमून दिले होते, त्यात प्वातिएचा व्हिएन जिल्हा होता. जून १९४०मध्ये फ्रान्स पडला. जर्मनांनी देशाचे दोन भाग केले, वरचा ताब्यातला आणि खालचा तथाकथित मोकळा, आणि मधली रेघ नेमकी व्हिएन जिल्ह्यातून गेली. प्वातिए ताब्यातल्या बाजूला राहिलं आणि रेघ तिथून फार लांब नव्हती.

मार्तना नगरपालिकेत दुभाषाचं काम मिळालं. जर्मन अधिकारी येणार, त्यांचं म्हणणं कुणीतरी फ्रेंचमध्ये सांगायला हवं. पण ३ ऑक्टोबर १९४०ला व्हिशी सरकारने, म्हणजे पराभवानंतर जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या फ्रेंच सरकारने, ज्यूंसाठीचा कायदा काढला. सरकारी नोकऱ्या गेल्या, आणि मार्त यांचीही गेली. त्याच शरद ऋतूत ताब्यातल्या भागात ज्यूंची नोंदणी सुरू झाली आणि ओळखपत्रावर ‘ज्यू’ असा शिक्का बसू लागला. इथे मी नेहमी थांबते. तो शिक्का मारणारा हात जर्मन नव्हता. फ्रेंच कारकून, फ्रेंच कचेरी, फ्रेंच शाई.

आणि त्याच कचेरीतल्या एका सहकाऱ्याने पुढे या घराला शिक्का नसलेली खोटी ओळखपत्रं करून दिली. मार्त पैसे द्यायला गेल्या तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने पैसे घेतले नाहीत, असं त्या आपल्या भाषणांत सांगत. पकडला गेला असता तर त्याचं काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. मला विचाराल तर या गोष्टीतला पहिला हेर तो. फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंना छळछावण्यांकडे नेलं गेलं आणि त्यातले जेमतेम अडीच हजार परत आले. पण दुसऱ्या बाजूने, फ्रान्समधले जवळपास तीनचतुर्थांश ज्यू वाचलेही. ते का वाचले याची इतिहासकार बरीच कारणं देतात. त्यातलं एक असं टेबलामागे बसलेलं होतं.

खोटे कागद हातात येण्याआधी मात्र घरातलं एक माणूस गेलं होतं. रेघ ओलांडून पलीकडे जाऊ पाहणाऱ्या लोकांना होफनुंग मंडळी मदत करत. त्या धरपकडीत जून १९४२मध्ये मार्त यांची बहीण स्तेफानी पकडली गेली. ती वैद्यकीय शिकत होती. तिला प्वातिएजवळच्या छावणीत ठेवलं. तिथून तिला पळवायचा बेत घरच्यांनी केला होता, पण आपण पळालो तर मागे राहिलेल्यांवर सूड उगवतील म्हणून तिने नकार दिला, असं मार्त सांगत. सप्टेंबरमध्ये तिला औशवित्झला नेलं. ती परत आली नाही.

बाकीचं कुटुंब खोट्या कागदांवर रेघेकडे निघालं. मार्तनी या वाटेवरचा एक प्रसंग पुढे शेकडो वेळा सांगितला. एका गावातून जाताना लोक दारात बसले होते. ही माणसं कोण, कुठे चालली, हे कुणालाही कळावं. कळवलं तर बक्षीसही होतं. त्याऐवजी त्या शेतकऱ्यांनी गुडघे टेकले आणि यांना आशीर्वाद दिला. मी याचा कागद शोधणार नाही. असल्या गोष्टींचा कागद नसतो. पण लिहिताना ‘त्या सांगत’ असं लिहा, ‘घडलं’ असं नको. हा फरक पाळला की वाचकाचा बाकीच्या गोष्टींवर विश्वास बसतो.

पुढे मार्सेयला त्यांनी नर्सिंग पुरं केलं. त्यांचं लग्न ठरलं होतं जाक दलोने याच्याशी. तोही वैद्यकीयचा विद्यार्थी, ज्यू नव्हे, प्वातिएला भेटलेला, भूमिगत चळवळीत उतरलेला. ६ ऑक्टोबर १९४३ला पॅरिसशेजारच्या माँ व्हालेरियाँच्या टेकडीवर त्याला गोळ्या घातल्या. त्या टेकडीवर जर्मनांनी हजाराहून जास्त पुरुषांना असंच मारलं. आता तिथे काशाची मोठी घंटा आहे आणि तिच्यावर त्यांची नावं कोरली आहेत.

ताडून पाहायचं म्हणता ना, मग पहिले दोन खुंटे हेच. पॅरिसमधल्या शोआ (म्हणजे ज्यूंचा वंशसंहार) स्मारकात ७६,००० नावांची भिंत आहे. ती वर्षवार लावली आहे, त्यामुळे स्तेफानी होफनुंग १९४२मध्ये पाहायची. आणि जाकसाठी घंटा. माणूस जिवंत असेल तर त्याची गोष्ट फुगू शकते, पण गोष्टीतल्या मेलेल्या माणसांच्या तारखा दगडावर असतात. कुठलीही आठवण तपासताना मी आधी तिच्यातल्या मेलेल्यांकडे जाते. ऐकायला विचित्र वाटेल, पण ही सर्वांत भरवशाची वाट आहे.

हेरगिरीच्या भागाला आता आलो. हा भाग सगळ्यांना पाठ आहे म्हणून मी भराभर सांगते.

ऑगस्ट १९४४मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटलं. मार्त सैन्यात भरती व्हायला गेल्या तर ‘चळवळीत काम केल्याचा पुरावा काय?’ असं विचारलं. शेवटी जाकच्या आईने त्यांच्यासाठी शब्द टाकला. वर्षअखेरीला त्या अल्सासच्या आघाडीवर कर्नल फाबियाँच्या रेजिमेंटमध्ये रुजू झाल्या, त्याही समाजसेविका म्हणून. जर्मन येतं हे कळल्यावर त्यांना फ्रेंच पहिल्या सैन्याच्या गुप्तवार्ता विभागात घेतलं. आधी जर्मन युद्धकैद्यांची चौकशी. मग जर्मनीत शिरायची तयारी: नाव मार्ता उलरिश, धंदा नर्स, आणि कहाणी अशी की हान्स नावाच्या आपल्या नियोजित नवऱ्याला आघाडीवर शोधत फिरते आहे. अल्सासमधून आघाडी ओलांडायचे डझनाहून जास्त प्रयत्न फसले. अखेर स्वित्झर्लंडमधून, शाफहाउझनजवळ, त्या जर्मन हद्दीत गेल्या. तिथे दोन पहारेकरी होते. रस्त्याच्या मधोमध एकमेकांना भेटायचे, पाठ फिरवायचे, दोन टोकांना जायचे, परत यायचे. पाठी फिरल्या की सटकायचं. मार्त झुडपात बसल्या आणि भीतीने हातपाय गळाले. किती तरी वेळ तशाच. मग उठल्या, बॅग उचलली, रस्त्यावर आल्या आणि पहारेकऱ्याला ‘हाइल हिटलर’ म्हणून कागद पुढे केला.

ही भीती लेखातून गाळू नका. बहुतेक लोक गाळतात. त्या स्वतः कधी गाळत नसत.

आत गेल्यावर फ्रायबुर्गच्या बाजूला त्यांनी दोन गोष्टी शोधून काढल्या. झिगफ्रीड तटबंदीचा, म्हणजे पश्चिम सीमेवरच्या जर्मन तटबंदीचा, तिथला पट्टा जर्मनांनी रिकामा केला आहे, आणि उरलेलं सैन्य ब्लॅक फॉरेस्टच्या जंगलात दबा धरून बसलं आहे. या दोन्ही बातम्या स्वित्झर्लंडमार्गे फ्रेंचांकडे पोचल्या. वाटेत भेटलेला एसएसचा (नाझींच्या खास दलाचा) माणूस, आपल्याला ज्यू वासावरून ओळखता येतो अशी फुशारकी मारणारा आणि मग चक्कर येऊन पडल्यावर याच ज्यू नर्सच्या हातून शुद्धीवर आलेला, तुम्ही वाचला असेलच. तोही ‘त्या सांगत’ या खात्यात ठेवा. खोटा म्हणून नव्हे. त्याचा साक्षीदार दुसरा कुणी उरला नाही म्हणून.

आणि एक सांगते, जरा कडू लागेल. ‘या एका बाईने महायुद्धाचा नूर पालटला’ असलं काही लिहू नका. फ्रायबुर्ग २१ एप्रिल १९४५ला फ्रेंचांनी घेतलं, ८ मेला युरोपातलं युद्ध संपलं. निकाल लागलेलाच होता. त्यांच्या बातमीचं मोल त्या जंगलात शिरणाऱ्या पोरांच्या जिवाइतकं होतं. ते कमी आहे का? त्याला महायुद्धाची फोडणी कशाला?

तिसरा खुंटा इथे आहे. १९४५लाच त्यांना क्र्वा द गेर हे फ्रेंच युद्धपदक मिळालं. हे पदक देताना कारणासह लेखी आदेश निघतो, तो फायलीत राहतो. म्हणजे त्या १९९६नंतर बोलू लागल्या म्हणून गोष्ट नंतरची ठरत नाही. कागद एक्कावन्न वर्षं आधीपासून पडून होता.

मग तो कुणाला सापडला का नाही? तुमच्या प्रश्नाचं खरं पोट इथे आहे, आणि माझ्या धंद्याचंही.

फ्रान्समध्ये १७९४पासून कायदा असा की माणसाचं नाव म्हणजे जन्मनोंदीतलं नाव. लग्न झालं की बाई नवऱ्याचं आडनाव लावू शकते, पण ती वापरायची सोय झाली. सरकारी वहीत ती मरेपर्यंत माहेरच्याच आडनावाची. म्हणून फ्रेंच कागदावर बाईच्या नावात ‘ने’ असा शब्द येतो, अर्थ ‘जन्मनाव अमुक’. मी नवखी असताना हे ‘ने’ मधलं नाव समजून तसंच टाईप केलं होतं. पाँडिचेरीच्या एका आजींचा विवाहाचा दाखला होता. परदेशातल्या कचेरीने तीन महिन्यांनी तो परत पाठवला, कारण दोन कागदांवर दोन वेगळ्या बाया दिसत होत्या. त्या आजींच्या नातीने माझ्यासमोर बसून शांतपणे विचारलं, ‘मॅडम, आमची आजी कुठली हो?’ तेव्हापासून ‘ने’ दिसलं की मी पेन खाली ठेवून दोनदा वाचते.

मार्त यांचंही असंच झालं. पदक होफनुंग यांच्या नावावर, फाईल होफनुंग यांच्या नावावर, आणि कॅलिफोर्नियाच्या शेजाऱ्यांना ठाऊक ती मिसेस कोन. दोन कागद, दोन बाया, मध्ये अटलांटिक महासागर. पुरुष देश सोडून गेला तर निदान आडनाव घेऊन जातो. लग्न करून परदेशी गेलेली बाई आपल्या फायलीची किल्ली मागे टाकून जाते. तुम्ही अभिलेखागारात पत्र लिहिणार असाल तर कोन लिहून काही हाती लागणार नाही. होफनुंग, मार्त, जन्म १३ एप्रिल १९२०, मेस, असं लिहा. फ्रेंच सैन्याचा ऐतिहासिक विभाग पॅरिसजवळ व्हँसेनच्या किल्ल्यात आहे. चळवळीतल्या सुमारे सहा लाख लोकांच्या फायली तिथेच, आणि त्यांची यादीही आडनावावरच लागते. मेसच्या जन्मनोंदी नगरपालिकेत मिळतात. ७५ वर्षं उलटली की जन्मनोंद कुणालाही पाहता येते. नोंदीच्या समासात पुढची लग्नं आणि मृत्यू लिहायची पद्धत आहे, म्हणून उतारा मागताना ‘समासातल्या नोंदींसह’ असं स्पष्ट मागा. नाही तर कारकून संक्षिप्त उतारा पाठवतो आणि समास कोराच राहतो.

नवऱ्याच्या नावातही एक खड्डा आहे, त्यात मराठी काय, इंग्रजी लेखकही पडले आहेत. त्यांचं नाव मेजर कोन. ‘अमेरिकन सैन्यातल्या मेजरशी लग्न’ असं वाचलंत तर तो लेख तिथेच मिटा. मेजर हा हुद्दा नाही, आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे. तो १९५३ला जिनिव्हात वैद्यकीय शिकत होता, मार्तही तिथे शिकायला आल्या होत्या, ओळख झाली आणि तीन वर्षांत, १९५६ला, त्या अमेरिकेत होत्या. युद्ध संपल्यासंपल्या अमेरिकन शिपायांशी लग्न करून बोटी भरभरून गेलेल्या फ्रेंच मुलींमध्ये त्यांना धरू नका. त्या मुलींसाठी डिसेंबर १९४५मध्ये खास कायदाच झाला होता, ती वेगळी लाट. मार्त दहा वर्षं उशिरा आणि पस्तिशी उलटल्यावर गेल्या. मधल्या काळात त्यांनी जर्मनीत फ्रेंच अंमलाखाली आणि मग इंडोचायनात लष्करी नर्स म्हणून काम केलं होतं.

अमेरिकेत नवरा भूलतज्ज्ञ झाला आणि त्या भूल देणाऱ्या नर्स झाल्या. हे पद आपल्याकडे तसं नाही. तिथे नर्स त्याचं वेगळं शिक्षण घेते आणि भूल देते. दोघांनी वर्षानुवर्षं बरोबर काम केलं, शेवटी लॉस एंजेलिसजवळ पालोस व्हर्देसला स्थायिक झाली. दोन मुलगे झाले. थोरल्याच्या दोन नावांत एक बहिणीच्या नावाचं पुल्लिंगी रूप आहे आणि दुसरं जाकचं. ‘त्यांनी कधी काही सांगितलं नाही’ हे वाक्य लिहायच्या आधी या गोष्टीपाशी थोडं बसा. रोज शाळेत पाठवताना, जेवायला हाक मारताना, रागावताना त्या दोन मेलेल्या माणसांची नावं घेत होत्या. घरात कुणाला कळलं नाही एवढंच.

‘पण नवऱ्यालाही नाही?’ असं तुम्ही म्हणाल. अगदीच काही माहीत नव्हतं असं नसावं, पण हेरगिरीचा तपशील घरात बोलला गेला नव्हता. त्याची जी कारणं त्या देत ती फार साधी होती. कुणी विचारलं नाही. आणि एवढीशी बाई असं म्हणते, कोण विश्वास ठेवणार? लोकांना ही कारणं अपुरी वाटतात, मग ते ‘मनावरचा खोल आघात’ वगैरे लिहितात. आघात होताच, बहीण आणि नवरदेव गेले होते. पण मला साधी कारणं पुरेशी वाटतात. काळ बघा. फ्रेंच बायकांनी पहिल्यांदा मत दिलं ते २९ एप्रिल १९४५ला, म्हणजे मार्त ज्या वसंतात जर्मनीत होत्या त्याच वसंतात. नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी करता येणं आणि बँकेत खातं उघडता येणं यासाठी तिथल्या बायकांना १९६५ उजाडावं लागलं. स्वतंत्र फ्रान्सचे नेते द गॉल यांनी मुक्तीचे साथी म्हणून १,०३८ माणसांना गौरवलं, त्यात बायका सहा. ज्या देशाने आपल्या बायकांना असं मोजलं, तिथून निघालेली बाई दुसऱ्या देशात, तिसऱ्या भाषेत, रात्रपाळीच्या चहाला बसून काय सांगणार होती? आणि कुणाला? प्वातिएचं नाव ऐकल्यावर ज्याच्या डोळ्यापुढे काही उभं राहील असं टेबलाशी कोण होतं?

सगळ्यांचं असंच झालं असंही नाही, म्हणून एक उलटं उदाहरण जवळ ठेवा. आंद्रे पील. माहेरच्या आंद्रे व्हिरो. ब्रिटनीतल्या ब्रेस्तला त्यांचं ब्युटी पार्लर होतं. पाडलेल्या विमानांतल्या दोस्त वैमानिकांना लपवून पळवायचं काम त्यांनी केलं, पकडल्या गेल्या, रावेन्सब्र्युक आणि बुखेनवाल्ड या दोन्ही छावण्यांतून जिवंत आल्या. नंतर एका इंग्रजाशी लग्न करून ब्रिस्टलजवळ लाँग अॅशटनला राहायला गेल्या. त्यांची गोष्ट मात्र दडली नाही. वाचवलेले लोक इंग्रजी बोलणारे होते, आणि त्या ज्या देशात नांदायला गेल्या तिथली मंडळी त्याच बाजूने लढली होती. मार्त यांची माहिती ज्यांच्या उपयोगी पडली ते फ्रेंच शिपाई कॅलिफोर्नियात भेटायला येणार नव्हते. योगायोग असा की दोघीही १०५ वर्षं जगल्या. पील २०१०मध्ये गेल्या, कोन मे २०२५मध्ये.

मार्त बोलत्या झाल्या त्या १९९६ला. शोआतून वाचलेल्यांच्या साक्षी चित्रित करणाऱ्या अमेरिकेतल्या प्रतिष्ठानाने त्यांची मुलाखत घेतली. मग त्यांनी फ्रान्सला जाऊन स्वतःची लष्करी फाईल मागवली आणि १९९९ला फ्रान्सने त्यांना मेदाय मिलितेर दिलं. हे पदक साध्या शिपायांचं आणि त्यांच्यावरच्या नायक-हवालदारांचं. सेनापतींना ते क्वचितच मिळतं. २००२ला आत्मकथन आलं, पुढे लेजियाँ दॉनर हा फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान, २०१४ला खुद्द जर्मनीचा सन्मान. नव्वदी उलटल्यावरही त्या भाषणांसाठी जग फिरत होत्या. बॅगा, तिकिटं, वेळापत्रक असलं सगळं नवरा सांभाळायचा. ज्याला चाळीस वर्षं गोष्ट ठाऊक नव्हती, तो आता तीच गोष्ट गावोगावी पहिल्या रांगेत बसून ऐकत होता. लेखात या माणसाला दोन ओळी द्या.

एवढी भाषणं केली की गोष्टीला ठरावीक वळणं पडतात. तेच शब्द, तोच विराम, त्याच जागी हशा. आपल्याकडे कीर्तनकाराचं आख्यान जसं घोटून गुळगुळीत होतं तसं. त्यांच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या मुलाखती शेजारी ठेवून पाहिल्या तर हे जाणवतं. त्यात लबाडी नसते. पण शक्य असेल तर सर्वांत जुनी साक्ष आधी पाहा, व्यासपीठाची सवय लागण्यापूर्वीची.

आणि सुरुवात कुठून करायची? पहारेकऱ्यांच्या रस्त्यावरून करू नका. सगळे तिथूनच करतात. मी लिहीत असते तर अल्सासमधल्या एका दुपारपासून केली असती.

कर्नल फाबियाँला जेवायला जायचं असतं. पंचविशीतला, नावाजलेला कम्युनिस्ट लढवय्या. खरं नाव पिएर झॉर्झ. वर्ष संपायच्या आतच सुरुंगाच्या स्फोटात मरणार आहे, पण ते त्याला ठाऊक नाही. समाजसेविका म्हणून आलेली ती बुटकी, सोनेरी केसांची पोरगी समोर असते. तिच्याकडून फार काही अपेक्षा नसते. तो म्हणतो, मी येईपर्यंत जरा फोन घ्याल का? ती हो म्हणते. मग त्यालाच ओशाळल्यासारखं होतं, की ही एकटी बसून कंटाळेल. वाचायला द्यावं तर खोलीत फ्रेंच पुस्तकं नाहीत. तो तसं सांगतो: माफ करा, इथे सगळी जर्मनच आहेत.

चालेल की, ती म्हणते, मला जर्मन वाचता येतं.